ब्राउझर बदलला त्या दुपारी

आई, ब्राउझर म्हणजे काय हे तुला आधी सांगावं लागेल. तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता. तुझं सगळं आयुष्य जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडण्यात गेलं. ब्राउझर ही कॉम्प्युटरवरची एक खिडकी समज. धुळ्याच्या ज्या रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे, तिथलं सगळं काम आता या खिडकीतून चालतं. कोणत्या गटाची पिशवी आली, ती कोणाला दिली, सगळं. आणि ही खिडकी बनवणारे लोक ती सारखी बदलत राहतात. सकाळी मशीन सुरू करावं तर कालचं बटण दुसऱ्याच कोपऱ्यात गेलेलं असतं, साठवलेला पासवर्ड नाहीसा झालेला असतो. हे सुरक्षेसाठी करावं लागतं म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण आमचं रक्तपेढीचं सॉफ्टवेअर जुनं आहे. खिडकी पुढे निघून जाते आणि ते मागे राहतं. दर वेळी वाटतं, आता हे आपल्याला जमणार नाही. तुमच्याकडे आपोआप फोन जोडणारं नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं त्या दिवशी तू घरी येऊन वांगी भाजायला घेतलीस, आणि साल पार कोळसा झालं तरी तुझं लक्ष नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं तू दमली असशील. आता कळतं, ते दमणं नव्हतं.

परवाची गोष्ट सांगते. आमचे डॉक्टर शिरपूरकडे रक्तदान शिबिराला गेले होते. पेढीत मी आणि माझ्यासोबतची एक तंत्रज्ञ, दोघीच. दुपारी सरकारी दवाखान्यातून एक म्हातारी बाई चिठ्ठी आणि बर्फाचा डबा घेऊन आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, अहिराणी बोलणारी. तिची सून बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. मुलगा बायकोपाशी थांबलेला, म्हणून रक्त न्यायला ही आली. तिने आणलेला सुनेच्या रक्ताचा नमुना मी घेतला, पिशवीतल्या रक्ताशी जुळवून पाहिला. जुळला. आता रुग्णाच्या नावाचं लेबल छापायचं, पिशवीला लावायचं आणि पिशवी द्यायची, एवढंच उरलं होतं. मी वळून पाहते तर पडद्यावर खिडकी आपोआप बंद होऊन पुन्हा उघडते आहे. नवी झाली होती. आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या जागी एकच ओळ: हा ब्राउझर चालणार नाही.

मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तीच ओळ. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आज सगळीकडून हीच तक्रार आहे. आमचं काम चालू आहे." कधी होईल, विचारलं, तर म्हणाला, सांगता येत नाही. कॉम्प्युटर बंद पडला तर हाताने लेबल लिहायची मुभा आहे, पण डॉक्टरांच्या परवानगीने. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. काउंटरपलीकडे म्हातारी डबा छातीशी धरून उभी.

"ताई, कितला येळ लागी आखो?"

"बसा आजी, होतंय," मी म्हणाले. ती बसली नाही. पुन्हा फोन, पुन्हा तेच. ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा होतंय म्हणायची. शेवटी ती काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मनी सून शे तठे. खरं सांग माले."

आई, त्या क्षणी मला एक्स्चेंजमधली सुट्टीतली एक दुपार आठवली. मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. मुक्ताईनगरच्या कोणाला तरी सुरतला बोलायचं होतं आणि लाइन लागत नव्हती. तू दर थोड्या वेळाने त्याला सांगत होतीस, अजून लागत नाही, मी प्रयत्न करतेय. मी कंटाळून म्हटलं, लागली की सांग ना, सारखं काय तेच. तू हेडफोन सरकवून माझ्याकडे रोखून पाहिलंस. "तिकडे माणूस कान लावून बसलंय. आपण गप्प बसलो तर त्याने काय समजायचं?" इतकंच बोललीस आणि पुन्हा बोर्डाकडे वळलीस.

मी काउंटरच्या बाहेर आले. म्हातारीला सांगितलं, रक्त तयार आहे, जुळलंय, पण मशीन अडलंय आणि आमच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. मग वॉर्डात फोन करून तिथल्या डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं. त्यांनी आधी नर्सला रक्तदाब विचारला. मग म्हणाल्या, "तिच्याकडे वेळ नाही. हाताने लिहून पाठवा. मी इथे पुन्हा तपासून मगच लावते."

मी सोबतच्या मुलीला बोलावलं. ती चिठ्ठीवरचं नाव, गट, पिशवीचा नंबर मोठ्याने वाचत गेली, मी लिहीत गेले. मग मी वाचलं आणि तिने पडताळलं. एक अक्षर नीट उमटलं नाही, म्हणून ते लेबल फाडून दुसरं लिहिलं. पिशवी डब्यात ठेवली. म्हातारी निघाली, जवळजवळ पळतच.

नंतरचा वेळ फार वाईट गेला. एक अक्षर चुकलं असेल तर, हे मनातून जाईना. नमुना ज्यांत जुळवला त्या काचेच्या नळ्या मी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत होते. संध्याकाळी डॉक्टर आले. वहीतली माझी नोंद दाखवून त्यांना सगळं सांगितलं. "माझ्या परवानगीशिवाय?" इतकंच ते म्हणाले. मग स्वतः नळ्या तपासल्या, वॉर्डात फोन लावला, बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी माझ्या नोंदीखाली सही केली आणि म्हणाले, "स्राव थांबलाय. उद्यापासून हाताने लिहायची लेबलं टेबलावर तयार ठेवा, आणि मी नसेन तेव्हा विचारायचं कोणाला, तेही ठरवू."

दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा आली. नातू झाल्याचं तिने जाता जाता सांगितलं. मग म्हणाली, "तू खरं सांगं ना, मंग माले धीर उना." मी तिला म्हणणार होते की हे खरं सांगणं माझ्या आईचं. म्हटलं नाही.

हे मी कोणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. एक्स्चेंजमधल्या त्या दुपारचं तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं, तुझं पाहणं आठवलं. पण अर्ध्या जळगावला ओळखीचा असलेला तुझा आवाज मला आता आठवत नाही. वॉर्डात फोन लावताना मी तो आठवायचा प्रयत्न केला. आला नाही. मग माझ्याच आवाजात बोलले.