खोडदची कावीळ

२ फेब्रुवारी १९९९, मंगळवार, मंचर

दुसऱ्या तपासणीतही पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस बी, काविळीचाच एक प्रकार. डॉक्टरांनी स्वतः दुजोरा दिला — रक्तपेढीच्या पत्रात चूक नव्हती. रक्तदान शिबिराची बातमी करायला गेलो, फोटोसाठी स्वतःही पलंगावर आडवा झालो, आणि हे निघालं!

अंगात काही नाही. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. "किती दिवसांचं?" विचारलं. "दिवसांचं कशाला, वर्षांचंही असेल," डॉक्टर म्हणाले. रक्तातून येतं, सुईतून येतं, नवराबायकोत येतं. "वहिनींना घेऊन या. लवकर."

हो म्हणालो. घरी काही बोललो नाही.

३ फेब्रुवारी

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या देतोय. कोणी, कधी, कुठे — हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

दाढीचा वस्तरा? असेल. लहानपणी प्रत्येक तापाला सुई देणारा गावचा डॉक्टर? तोही असेल. पण मन पुन्हा पुन्हा खोडदलाच जातं. माझ्या बायकोचा, इंद्रायणीचा, पहिला नवरा बाळासाहेब तिथला. तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. तेव्हा मी तिला ओळखतही नव्हतो, पण निधनाची चार ओळींची बातमी माझीच — "अल्पशा आजाराने".

विधवेशी लग्न केलं म्हणून गेल्या वर्षी माझा सत्कार झाला. शाल, नारळ. लग्नाआधी तिचं रक्त तपासावं, हे कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

५ फेब्रुवारी

पडवीत झोपतोय. खोकल्याचं कारण सांगितलं. इंद्रायणी आईला म्हणाली, "पेपरवाल्यांचा खोकला बघा आत्या, दिवसभर गपगार असतोय, अंथरूण टाकलं की सुरू व्हतो!" आई हसली. मी नाही.

तिला माहीत असेल का? बाळासाहेबाचा विषय निघाला की ती उठून जाते. आजवर वाटायचं, दुःख असेल. आता वाटतं — लपवतेय.

८ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांचा निरोप आला. टाळला.

९ फेब्रुवारी, मंगळवार

खोडदला गेलो. तिथल्या रेडिओ दुर्बिणीची बातमी करायची आहे, असं घरी सांगितलं. शेतात उभ्या त्या भल्यामोठ्या तबकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाळासाहेबाच्या आईकडे, साळुबाईंकडे.

चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं — काविळीत काय काय त्रास झाला? औषध कुठलं? सुया किती?

म्हातारीनं किटली खाली ठेवली.

"कावीळ कसली राव! हिरीत गेला माझा बाळू. पाय घसरला का उडी टाकली, त्याचं त्याला ठावं. पोलीस येत्याल, पोराची चिरफाड करत्याल, म्हणून आमी कावीळ म्हनलो. तुमी बी तेच छापलं." मग डोळ्याला पदर लावला. "इंद्रीला शपथ घातली व्हती मी. तुमाला बी न्हाई सांगितलं तिनं? लई पक्की पोरगी."

चहा तसाच राहिला.

११ फेब्रुवारी

साळुबाईंनी शेजारच्यांच्या फोनवरून इंद्रायणीला गाठलं. भाकरी थापता थापता उठून ती फोनला गेली, तशीच माझ्यासमोर आली. हात पिठाचे.

"माझ्या मेलेल्या नवऱ्याची बातमी दुसऱ्यांदा छापताय व्हय?"

तपासणीचा कागद पुढे केला. तिनं वाचला. तारखेवर बोट ठेवलं — दोन तारीख.

"नऊ दिवस! नऊ दिवस झाले. मला इचारायला तोंड नव्हतं? का मी तुमच्या बातमीतला आरोपी?"

दुपारी एकटीच दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आली. मग पिशवी भरली. "म्हातारीची खपली काढून आलाय तुमी. तिच्याजवळ कुणीतरी नको का?"

खोडदची एसटी तिनं स्वतः हात करून थांबवली.

१३ फेब्रुवारी, शनिवार

इंद्रायणी निगेटिव्ह! डॉक्टर वैतागले. "नशीब त्यांचं. तुम्ही नऊ दिवस काय करत होता? आता लस टाळू नका." मग सहज विचारावं तसं म्हणाले, "आई आहे का तुमची? त्यांचं रक्त कधी तपासलंय?"

१५ फेब्रुवारी

आईला आणलं. नर्सला म्हणाली, "घे बाई, पोराला लागत असंल तर भांडंभर घे."

१७ फेब्रुवारी, बुधवार

आई पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जन्मतानाच तुम्हाला आलं." म्हणजे अंतरपाट खाली आला, तेव्हा ते माझ्याच अंगात होतं.

इंद्रायणीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्यांना काय बोलू नका. त्यांनी काय केलंय?"

उद्या दहा वाजता तिचा लशीचा पहिला डोस आहे. खोडदहून परस्पर येणार आहे. दवाखान्यातून घरी येईल की परतीची एसटी धरेल — ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.