निर्जन किनारा, मुक्काम गिरगाव

३ जानेवारी, सकाळी ६.१०
कादंबरी सुरू. कोकणातला निर्जन किनारा, कड्यावर काळा बंगला, तळघरात तस्करीचा माल, गच्चीवर कंदील घेतलेली विधवा. रोज दहा पानं. महिन्यात विषय संपला. बायकोला, मृणालिनीला, सांगितलं. ती म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन करा.

सकाळी ७.४०
एक वाक्य झालं. जबरदस्त आहे.

१२ जानेवारी
एकूण पानं चार. पण घट्ट आहेत. खाली रस्ता खणतायत, वर मी निर्जन किनारा लिहितोय. दुसऱ्या कुणाला जमलं असतं?

१९ जानेवारी
दादरच्या मासळी बाजारात चंपाबाईंना पहिलं प्रकरण ऐकवलं. त्यांच्या घरच्या दोन बोटी आहेत, म्हटलं दाद मिळेल. भर ओहोटीत जहाज कड्याला लागतं, तिथेच त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, भाऊ, चिखलात रुतेल ना ते! आणि पापलेट घेताय की नाही?
घेतलं नाही. ओहोटी बदलणार नाही. वाचक भय बघतो, चिखल नाही.

२ फेब्रुवारी
मृणालिनी म्हणते, तुम्ही चौपाटीवर पाय भिजवत नाही, समुद्रावर काय लिहिणार? ठीक आहे. आता फील्ड रिसर्च.

५ फेब्रुवारी, दुपारी ३
वरळी कोळीवाडा. वही, दुर्बीण, काळा गॉगल. बोटवाल्यांना सरळ विचारलं, पोलिसांना न कळता माल उतरवायचा तर कुठे? सगळे जाळी आवरायला लागले. विषयाचा दराराच तसा. एकाने तर कौतुकाने माझा फोटो काढला.

६ फेब्रुवारी
फोटो कौतुकाने नव्हता काढलेला. काल चार वाजता चौकीत नेलं. सबइन्स्पेक्टर मॅडमनी वही घेतली. मी ठणकावून सांगितलं, कादंबरी आहे, पण एकेक तपशील अस्सल आहे! अस्सल म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर दोन्ही हवालदार हसायला लागले. पाचव्यावर मॅडमसुद्धा. मृणालिनीला फोन गेला.
मग मॅडमनी जबाब लिहिला. ‘सदर इसमास समुद्र, बोटी व तस्करी यांपैकी कशाचेही ज्ञान नसल्याची खात्री झाली आहे. सबब सोडून देण्यात येत आहे.’
मी म्हणालो, मेलो तरी यावर सही करणार नाही. कोठडीत टाका! मॅडम म्हणाल्या, काका, जागा नाहीये.
केली सही. साक्षीदार म्हणून मृणालिनीने केली. मी म्हटलं, अगं, आधी वाच तरी. तिला गरज वाटली नाही.