शिक्क्याशिवायचं पत्र

ह्वाय नदीचा दक्षिण काठ
१२ जानेवारी १९४९

थोरल्या ताईंना तुंग पेइलिनचा वाकून नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ, आमचे जनरल लुआन शौथ्येन, गेले. आमच्या फौजेचे डॉक्टर के शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होते. शत्रूने आम्हा कारकुनांना आणि डॉक्टरांना सोडून दिलं, त्यामुळे काल होडीच्या घाटावर आमची भेट झाली. त्यांनी माझ्या हातात एका पायाचा कापडी जोडा ठेवला. टाचेची तुमची दुहेरी टीप पाहिली आणि विचारायचं काही उरलं नाही.

तुमचा खोकला कसा आहे? यंदा बोरं वाळवलीत का? दर हिवाळ्यात साहेब हेच विचारायला सांगत आणि मी लिही. बावीस वर्षं तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं, खाली त्यांचा लाल शिक्का.

फेई गुरुजी, नेहमीप्रमाणे तुम्हीच हे ताईंना वाचून दाखवत असाल. पुढचं एक अक्षरही गाळू नका. गोड करून सांगू नका.

ताई, साहेब सतराव्या वर्षी फौजेत शिरले ते घोड्यांना पाणी पाजायला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जपान्यांविरुद्ध रेल्वेच्या पुलावर दोन बोटं गेली आणि जनरलपद मिळालं. लिहा-वाचायला मात्र शिकले नाहीत. मी पाटी पुढे केली की म्हणत, "तू आहेस ना? मग मी कशाला डोळे फोडू?" ते हुकूम बोलत, मी लिही आणि वाचून दाखवी. मग ते शिक्का मारत.

जपानी गेले, आपसातली लढाई पेटली आणि डिसेंबरात आम्हाला वेढा पडला. घोडे खाऊन झाले, मग पट्टे उकळले. एका दुपारी साहेब म्हणाले, "लिही. उद्या सकाळी सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवावीत."

"साहेब, मदत निघाल्याची तार आहे."

"तार शिजवून वाढतोस का पोरांना? समोर आपलेच भाऊबंद आहेत. लिही."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलेलं शब्दन् शब्द वाचूनही दाखवलं. कागदावर मात्र लिहिलं होतं : मदत येईपर्यंत जागा सोडू नये. त्यांनी शिक्का मारला आणि तो वाळावा म्हणून वर फुंकर घातली.

लुआन घराण्याला शरणागतीचा बट्टा नको, असं मी मनाला सांगितलं. ते खोटं होतं. माझी बायको आणि दोन मुली राजधानीत होत्या. शरणागतीच्या हुकुमावर माझं अक्षर सरकारला सापडलं तर त्यांचे काय हाल होतील, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

सकाळी कोणी हत्यार ठेवलं नाही. समोरून तोफा सुरू झाल्या. साहेब केंना घेऊन खंदकाकडे धावले. तिथला कॅप्टन म्हणाला, "साहेब, थांबायचा हुकूम तर तुमचाच आहे." कागद केंनी वाचून दाखवला. साहेबांनी तो हातात घेतला. मग म्हणाले, "अक्षर मात्र देखणं आहे लेकाचं."

त्यांनी काठीला पांढरं कापड बांधलं आणि एकेका खंदकाशी जाऊन तोंडी हुकूम सांगत निघाले. तिसऱ्या खंदकापाशी तोफगोळा पडला. त्या सकाळी आमची चारशे माणसं गेली. साहेबांचा आवाज ज्यांच्यापर्यंत पोचला, ती जगली.

केंनी त्यांना एका बोरीखाली पुरलं आहे. जमीन गोठली आहे. फेब्रुवारीअखेर ती सैल झाली की बैलगाडीने त्यांना गावी आणायचं आहे, आईवडिलांशेजारी. गाडीमागून मी चालत येईन, जोडा घेऊन. तुमच्या भागात आता शत्रूचं राज्य आहे, हुकुमाची गोष्ट कळली तर या वेळी मला पकडतील असं डॉक्टर के म्हणतात. पकडोत. त्याआधी तुमच्या दारापर्यंत पोचायचं आहे. दार उघडायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

साहेबांचा शिक्का माझ्या पिशवीत आहे. या पत्राखाली तो मारलेला नाही.

ज्याच्या अक्षरावर तुम्ही बावीस वर्षं विश्वास ठेवलात, तो
तुंग पेइलिन