डाव्या कोपऱ्यातली बादली

प्रिय भटक्या,

तुझं नवं फोटोंचं पुस्तक मिळालं. कुरिअरवाल्याने दारातच विचारलं, "आजी, यात फरशी आहे का?" म्हटलं, माझ्या धाकट्या भावाचं कर्तृत्व आहे, हळू ठेव. लगेच तुला फोन केला, तर तुझी बायको म्हणते, "ताई, ते डोंगरात जायचं सामान बांधतायत." हात गुंतले असतील, कान तर मोकळे होते! म्हणून लिहायला बसले. पत्राला तरी 'नंतर करतो' म्हणून मध्येच तोडता येत नाही.

आधी त्या प्रस्तावनेबद्दल. लिहिणारे गृहस्थ कोण, मला माहीत नाही आणि ओळख करून द्यायची तसदीही घेऊ नकोस. म्हणे, तू हल्ली 'चौकटीच्या डाव्या बाजूला अपघातासाठी जागा राखतोस'. वाचता वाचता माझा चहा गार झाला. अपघात कसला डोंबलाचा? मिठागरातल्या बायकांच्या फोटोत डावीकडे प्लॅस्टिकची अर्धी बादली. खाणकामगाराच्या शेजारी कुणाचं तरी कोपर. बोटी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे कापलेलं अर्धं डोकं. उजवी बाजू बघावी तर लख्ख. जन्मभर मुलींच्या वह्या तपासल्यात मी. समासात कुणी घाण केली की पान उलटायच्या आत मला दिसते.

आणि हे तू करावंस? विणकरांच्या गल्लीतलं तुझं पहिलं मोठं काम आठव. मला सुट्टीत मदतीला म्हणून नेलंस आणि एका बादलीपायी सगळी सकाळ उन्हात उभं केलंस. मी म्हटलं, सरकवते की मी! तर माझ्यावरच डोळे वटारलेस. "ताई, आपण काही हलवायचं नाही. ते आपण होऊन हलेपर्यंत थांबायचं." शेवटी एक बाई आली, पाणी भरायला बादली घेऊन गेली आणि तू तिथल्या तिथे नाचलास. माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं, पण फोटो कसा आला होता! माझ्या घरी आलास तरी भिंतीवरची चित्रं सरळ केल्याशिवाय बसत नव्हतास.

तोच तू आता अर्धी बादली छापतोस आणि लोक टाळ्या वाजवतात. फोटो निवडताना ती तुला दिसली असणार, खटकलीही असणार. पण प्रकाशनाचा व्हिडिओ पाहिला, त्यात कुणी विचारलं तर म्हणालास, "वय झालं की माणूस सैल होतो." सैल! खुर्चीत बसल्या बसल्या मी दात-ओठ खाल्ले. लोकांनी खोटी स्तुती केली तर समजू शकते मी, पण तूसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवावास?

आता ऐक. मागच्या आठवड्यात मी चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि काचबिंदू घेऊन परत आले. घाबरू नकोस, औषधाचे थेंब चालू आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सख्खं भावंड आहे का? हा आजार घराण्यात उतरतो. बाबा शेवटी भिंत चाचपत चालायचे, आपण त्याला म्हातारपण समजलो. बाई म्हणाल्या, यात नजर कडेकडून जाते, पण दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं न दिसणं दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. पण तू तर जन्मभर डावा डोळा मिटून उजव्याने कॅमेऱ्यात बघत आलास. त्यानंतर हे पुस्तक आलं आणि प्रत्येक पानावर तोच डावा कोपरा. गेलेली नजर परत येत नाही रे, उरलेली राखता येते. मंगळवारी सकाळची तुझी वेळ मी घेतली आहे. डोंगर कुठे पळून जात नाहीत. पटत नसेल तर आत्ता डावा डोळा झाक, या पानाच्या मधोमध नजर ठेव आणि ओळींची सुरुवात दिसते का ते बघ. जे असेल ते खरं सांग. दिसली नाही, तरी मी ओरडणार नाही.

तुझीच,
ताई