गल्लीतला पहिला पायखाना

बीड, भाद्रपद वद्य पंचमी, फसली १३३२

राजमान्य राजश्री अर्जुनराव यांना त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे सत्यभामेच्या मालकाचा, शहादेवचा, मनापासून रामराम. उमापुरास सगळे धडधाकट असतील. वहिनींचा खोकला गेला का आणि बैलाच्या खांद्याची जखम भरली का, दोन्ही कळवावं (क्रम चुकला असेल तर माफी). इकडं तुमची बहीण खुशाल, मी खुशाल, आणि आमची आई इतकी खुशाल, की तेवढंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं.

अर्जुनराव, आमच्या नदीकाठच्या गल्लीत नऊ घरं, आणि पायखाना एकाच घरी. आमच्या. कचेरीतल्या साध्या चपराशाच्या. माघात आई परसाकडं जाताना नदीच्या उतारावर घसरली. तेव्हापासून रोज पहाटे सत्यभामा आणि समोरच्या चंद्रभागाबाई तिला दोन्हीकडून धरून न्यायच्या (बायकांची बाजू वेगळी, त्यामुळं मला जाता येईना). सत्तरीची बाई, मान खाली घालून जायची. मला ते बघवेना. तालेवारांच्या घरी टोपलीचे पायखाने असतात, त्यांची घाण दुसऱ्यानं डोक्यावरून वाहायची. मला तसला नको होता. खोल खड्डा, वर बाभळीच्या फळ्या, भोवती तुराट्यांचा कूड आणि दर वेळी ओंजळभर राख. असं असतं हे कचेरीत कानावर आलं होतं, पण बाकी डोकं माझं.

होळीनंतर खणायला घेतलं. दोन हातांवर मुरूम लागला. चार दिवसांत कुदळीचा दांडा मोडला आणि माझी कंबरही. तेवढ्यात गल्लीत बातमी उठली की शहादेवच्या परसात गुप्तधनाचा हंडा आहे. दुसऱ्याच दिवशी एक जमादार दोन गडी घेऊन हजर. जमिनीतलं धन सरकारचं, तू बाजूला हो, म्हणाला. मी पायखान्याचं सांगितलं. माणूस इतकं लाजिरवाणं निमित्त सांगतोय म्हणजे हंडा मोठाच असणार, असं त्यानं धरलं. तीन दिवस त्याचे गडी खणत होते, मी त्यांना ताक देत होतो. सात हातांवर काळा खडक लागला तेव्हा जमादारानं खड्ड्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि माझा सलामही न घेता निघून गेला. सरकारी गड्यांनी खणलेला असा पायखाना अख्ख्या तालुक्यात दुसरा असेल तर दाखवा.

मग मी वर फळ्या टाकल्या, भोवती कूड बांधला. पण आई अडून बसली. "जिथं चूल हाय, तिथं हे मी करणार न्हाई," एवढंच बोलली आणि नऊ दिवस उतारावरच गेली. दहाव्या दिवशी चंद्रभागाबाई आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, ओली बाळंतीण नदीवर कशी धाडू, तुमचा पायखाना द्या, म्हणाल्या. मी हो म्हणणार तोच आई भिंत धरून उठली.

"थांबा. घरातलं मोठं माणूस आदी जाईल."

आणि राखेचं गाडगं घेऊन गेली. एकटी, अर्जुनराव, कुणाचा हात न धरता. बाहेर आली ती मान वर करून. आता रोज कुडाजवळ बाज टाकून बसते आणि नऊ घरांच्या पाळ्या लावते. राख न टाकता कुणी निघालं तर परत पाठवते. मी कचेरीतून येतो तेव्हा लोक मला वाट देतात. चपराशाला, अर्जुनराव.

लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.
आपला, शहादेव

ता. क. पत्र सत्यभामेला वाचून दाखवलं. ती हसतच सुटली. हंड्याची बातमी तिनंच पाणवठ्यावर सोडली होती म्हणे, माझी कंबर बघून. तेव्हा वर जिथं 'डोकं माझं' लिहिलंय, तिथं तिचं वाचावं.

आणखी ता. क. नऊ घरांमुळं खड्डा भरत आलाय. दुसरा खणावा लागेल, आणि जमादार काही पुन्हा यायचा नाही. तुमची विहिरीची कुदळ आणि दोन गडी घेऊन दिवाळीआधी या. वहिनींनी विचारलं तर आमच्याकडं वास्तुशांत आहे म्हणून सांगा. ते काही अगदीच खोटं नाही.