माशाच्या तेलाचा गुण

स्फॅक्स, ३ रमजान

चि. सालहास, सलाम व अ. आ.

लेकीची, रीमची, चंचलपणावरची डॉक्टरांची गोळी बंद करून तू तिला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू केल्यास म्हणे. धन्य आहेस! पोरीचं वर्गात जरा लक्ष लागायला लागलं होतं, ते बघवलं नाही वाटतं. वर्षभर तपासणारे डॉक्टर मूर्ख, आणि केस कापायचं दुकान चालवणारी तुझी नणंद दलेंदा मेंदूची तज्ज्ञ! मासेच चारायचे तर ईदला इकडे ये. आपला खारा मासा कांदा-मनुकांच्या शारमूल्याच्या दाट रश्शाबरोबर चवीला तरी लागतो.

रागावलेली, पण तुझीच,
वसीला

ट्युनिस, १४ रमजान

ती. ताईस सलाम व सा. न. वि. वि.

टोमणे पोचले. आता ऐक! रीम शांत झालीय. शाळेतून येते ती कोपऱ्यात पडून राहते. ना धावणं, ना तोडफोड. दलेंदा तर गल्लीभर सांगत सुटलीय. सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की मात्र रीम पाण्याचा जग एका दमात रिकामा करते. रोजे अर्धेच धरते हं, अम्मा आपल्याला शिवून द्यायची तसे: आज दुपारपर्यंतचा, उद्या दुपारनंतरचा, टाके घालून एक. आता नणंदेची माफी माग.

लोभ असू दे, टोमणे आवर.
सालहा

स्फॅक्स, १७ रमजान

चि. सालहास, आशीर्वाद नंतर.

फोन केला तर दलेंदाने उचलला आणि तेलाचेच गोडवे गायले, म्हणून हे गाडीवाल्याच्या हाती पाठवतेय. अगं अकलेच्या कांद्या, अर्धा रोजा धरणारी पोर जग रिकामा करते का? ती चोरून पुरे रोजे धरतेय! तूही डबा मांजरीला घालून अम्माला फसवायचीस, विसरलीस? लेकरू भुकेने पडलंय, आणि तुम्ही दोघी तेलाचा गुण म्हणून मिरवताय. लाज वाटू दे. आधी तिला जेवू घाल, मग डॉक्टरांकडे ने.

वसीला

ट्युनिस, ईदचा दुसरा दिवस

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझंच खरं निघालं. डॉक्टरांनी मला चांगलं झापलं, गोळी पुन्हा सुरू केली. दलेंदा म्हणते, कॅप्सूल वाढवायला हव्या होत्या. मी सगळ्या बाटल्या तिच्याच पिशवीत कोंबल्या.

रीमला विचारलं, पुरे रोजे कशाला? म्हणाली, शिवलेला रोजा अल्लाला फाटका वाटेल. तिला एकच मागायचं होतं, की मला एका जागी बसता येऊ दे, म्हणजे पाहुणे आल्यावर अम्मी मला आतल्या खोलीत धाडणार नाही. ताई, मी धाडत होते गं.

काल घर पाहुण्यांनी भरलेलं. रीमने पळता पळता माशाची परात पालथी केली आणि आपणहून आतल्या खोलीकडे निघाली. मी हात धरून तिला सगळ्यांमध्ये बसवलं.

माया आहेच, ती रीमवरही ठेव.
सालहा