आत्याचा घसा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ४ नोव्हेंबर २०२५

चि. सोमशेखर यास अ. उ. आशीर्वाद.

फोन बिघडलाय, म्हणून गावाकडे निघालेल्या गुरुशांतच्या हाती चिठ्ठी देते. रविवारी तुझ्या लेकीचं बारसं. तिच्या कानात नाव मी आत्यानंच सांगायचं! नाव ठरलंय, कितीही लाडीगोडी लावलीस तरी आधी कळणार नाही. सकाळीच वळसंगला पोचते. आपल्या आईला, अव्वाला शरणु-नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी चंद्रिकाक्का

वळसंग, ५ नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

गुरुशांत म्हणाला, चिठ्ठी देताना तू फोनवर बोटं फिरवत होतीस. अव्वा म्हणाली, तिचा घसा बसला असंल, आवाजावरनं कळंल म्हणून चिठ्ठी धाडली. खरं सांग. चार वर्षांपूर्वी माझी एक किडनी तुझ्याकडे नांदायला आली. तिची चौकशी करायचा मला हक्क आहे. शरीरानं तिला परकी मानू नये म्हणून तू प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतेस. तुला साधी घसादुखीही महागात पडेल. मला भीती वाटते, अक्का. आजच डॉक्टरांकडे जा, नाहीतर उचलून नेईन आणि तुझं वजन गावभर सांगेन.

लोभ असावा, लबाडी नसावी.

तुझा सोमू

सोलापूर, ७ नोव्हेंबर

चि. सोमूस अ. उ. आ.

पकडलीस. आठ दिवस घास गिळवत नव्हता. ताप नाही म्हणजे काही नाही, असं धरून हळदीचं दूध पीत बसले. डॉक्टर फार रागावले. म्हणाले, या गोळ्या चालू असताना आजार असूनही ताप येईलच असं नाही. तोंडात, घशात बुरशीचे पांढरे डाग निघाले. औषध दोन आठवडे, आणि त्यामुळे किडनीच्या गोळ्यांचं प्रमाण रक्त तपासून तेच ठरवणार. तोवर गर्दी बंद.

बारसं थांबवू नका. नाव पाकिटात घातलंय, अव्वा सांगेल. लिहिताना रडले. आता काही लपवत नाही.

तुझी अक्का

वळसंग, १० नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

बारसं झालं. पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. पण पाकीट आम्ही फोडलं नाही. अव्वानं बायकांना बजावलं, नाव काय, कुणीबी सांगंल. पोरीला आत्या पायजे. कान राखून ठेवलाय. तू बरी होऊन ये.

तुझा सोमू

सोलापूर, २४ नोव्हेंबर

चि. सोमूस अ. उ. आ.

घसा स्वच्छ. काल दोन भाकरी खाल्ल्या. डॉक्टरांनी मास्क लावून, फक्त घरच्यांत जायची परवानगी दिली. उद्या येते. नाव काय ठेवणार, असं त्यांनी हौसेनं विचारलं. मी म्हटलं, रागावू नका डॉक्टर, आधी तिला सांगते.

तुझी अक्का